स्मरणशक्तीचें औषध

गेल्या वर्षीं जानेवारीच्या अखेरीस, दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत मी शिक्षकांच्या खोलींत बसलों होतों, तों जिंतूर तालुक्यांतील एका खेड्याहून आलेल्या एक पालक बाई दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा दहावींत व धाकटी मुलगी आठवींत. दोघेंहि आमच्याच शाळेंतलीं. पिशवींतून वर्तमानपत्रांत गुंडाळलेली एक बाटली काढून त्यांनीं ती मेजावर ठेविली व म्हणाल्या, "सर, कापसाच्या पैशांतून साडेआठशेला घेतली. ह्यानं पोराच्या ध्यानात ऱ्हातं म्हणतेत. रोज दोन चमचे देऊ का चार?"

बाटलीवर हातांत चषक धरलेल्या एका हंसऱ्या मुलाचें चित्र होतें व त्याच्या मस्तकाभोंवतीं सूर्यासारखे किरण काढले होते. खालीं, भिंगावांचून वाचतां येऊं नये इतक्या बारीक अक्षरांत, पंधरावीस वनस्पतींचीं नांवें होतीं. दोन चमचे कीं चार, ह्याचें उत्तर मजजवळ नव्हतें. आणि आधीं विचारावयाचा प्रश्न, म्हणजे द्यावी कीं न द्यावी, त्याचेंहि नव्हतें. "ताई, डॉक्टरांना विचारून घ्या," एवढें बोलून मीं त्यांची बोळवण केली. ती बोळवण मनाला पुष्कळ दिवस लागून राहिली. त्या दिवशीं जें सांगावयास पाहिजे होतें, तें वाचून, विचारून, आज ह्या पानांवर लिहीत आहें.

बुद्धि वाढविणाऱ्या औषधाची हांव कांहीं आजची नव्हे. चरकसंहितेंत चार मेध्य रसायनें सांगितलीं आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, त्यांत शंखपुष्पीला विशेष मान दिला आहे. आपल्या आज्याहि मुलांच्या डोक्यास ब्राह्मीचें तेल चोळीत, रात्रीं भिजविलेले बदाम सकाळीं सोलून देत, आणि तान्ह्या बाळाच्या घुटींत वेखंडाचे दोन वेढे उगाळीत. ह्या सर्वांस एका शब्दांत वेडगळ म्हणून झटकून टाकणें हें शास्त्रीय वृत्तीचें लक्षण नव्हे. आणि जुनें म्हणून डोळे मिटून गिळणें हेंहि नव्हे. तपासून पाहणें एवढाच मार्ग उरतो.

तपासूं लागलें कीं पहिली अडचण नांवांचीच येते. ब्राह्मी म्हणून एके ठिकाणीं ओलसर जागीं जमिनीसरशी पसरणारी, लहान जाड पानांची वनस्पति देतात, जिला शास्त्रज्ञ बाकोपा म्हणतात. तर दुसरीकडे त्याच नांवानें वाटोळ्या पानांची मंडूकपर्णी विकली जाते. शंखपुष्पीचा गोंधळ तर याहून मोठा आहे. निरनिराळ्या प्रांतांत विष्णुक्रांता, कुंपणावर चढणारी आपली गोकर्ण, आणि आणखी दोन वनस्पति ह्या एकाच नांवानें ओळखल्या जातात. तेव्हां बाटलीवर शंखपुष्पी असें छापलेलें असलें, तरी आंत नेमकें काय आहे, हें घेणाऱ्यास कळावयास कांहीं साधन नाहीं.

दुसरी अडचण गुण आल्याच्या साक्षीची. "आमच्या बंडूला गुण आला," असें शेजारीण सांगते व ती खोटें बोलत नसते. परंतु औषध आणलें जातें जानेवारींत, आणि बंडू अभ्यासाला बसूं लागतो तोहि जानेवारींतच! शिवाय आपल्यास महागडें औषध मिळत आहे ह्या समजुतीनेंच माणसाला हुशारी वाटूं लागते. म्हणून संशोधक अर्ध्या लोकांना खरें औषध देतात व अर्ध्यांना तशीच दिसणारी लटकी गोळी देतात; कोणास कोणती दिली, हें घेणाऱ्याला किंवा तपासणाऱ्याला शेवटपर्यंत कळूं देत नाहींत. ह्या कसोटीवर जें उतरेल तेंच खरें.

बाकोपा जातीच्या ब्राह्मीवर अशा कसोट्या झाल्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत तिच्यांतील बाकोसाइड नांवाच्या द्रव्यांचा बराच अभ्यास झाला, व पुढें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं निरोगी माणसांवर प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष असा कीं, तिचा प्रमाणित अर्क रोज सुमारें ३०० मिलिग्रॅम ह्या मानानें बारा आठवडे घेतल्यास ऐकलेले शब्द पुन्हां आठविण्याच्या कांहीं परीक्षांत थोडी सुधारणा दिसते. इतर कित्येक परीक्षांत ती दिसत नाहीं. कांहींना मळमळतें व पोट बिघडतें. म्हणजे आजीची ब्राह्मी अगदींच निरर्थक नव्हती असें म्हणावयास जागा आहे. पण परीक्षेला पंधरा दिवस उरले असतां चमच्यानें पाजलेल्या गोड पाकाचें समर्थन ह्या प्रयोगांनीं मुळींच होत नाहीं. अशा पुष्कळ पाकांत जिभेला कळणारी मुख्य वस्तु साखर हीच असते.

वेखंडाविषयीं मात्र स्पष्ट सांगणें अवश्य आहे. त्यांत बीटा-असारोन नांवाचें एक द्रव्य असतें व भारतीय वेखंडांत तें बरेंच असतें. उंदरांवरील प्रयोगांत त्यानें गांठी झालेल्या आढळल्या, म्हणून अमेरिकेच्या सरकारनें १९६८ सालीं अन्नांत वेखंड घालण्यास बंदी केली. पिढ्यान् पिढ्या बाळांना चाटविलें, हें खरें; परंतु त्यामुळें कोणाचें काय बिघडलें, ह्याची वही कोणी ठेविलेली नव्हती. तान्ह्या मुलाच्या जिभेवर तें ठेवण्याचें धाडस मी करणार नाहीं.

विलायती औषधांकडे वळतांना प्रथम चहाची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण बुद्धीला चालना देणारें औषध म्हणून जगांत सर्वांत अधिक खपणारें द्रव्य त्याच पेल्यांत आहे. कॅफीन हें द्रव्य फ्रीडलीब रुंगे ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८१९ सालीं कॉफीच्या बियांतून वेगळें काढलें. दिवसभर जागेपणीं मेंदूंत अडेनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें व त्यामुळें झोंपेची ओढ वाटते. कॅफीन हें त्या अडेनोसीनची जागा अडवून बसतें. थकवा जात नाहीं. थकव्याची वर्दी देणारा शिपाई तेवढा दाराबाहेर थांबविला जातो. पेल्याभर चहांत सुमारें तीसपासून पन्नास मिलिग्रॅम कॅफीन असतें, आणि त्यांतील अर्धें शरीराबाहेर जावयास पांच तासांच्या आसपास लागतात. रात्रीं नऊ वाजतां घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल दोन वाजतां शिल्लक असतो, हें रात्र जागविणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

डब्यांतून मिळणारीं शक्तिपेयें म्हणजे ह्याचीच महाग, गार व गोड आवृत्ति. सरकारी नियमाप्रमाणें अशा पेयांत दर लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असूं शकतें, आणि हें पेय मुलांना योग्य नाहीं असें डब्यावर छापावें लागतें. तें छापलेलें असतें. पण पानपट्टीवर उभा राहून डबा उघडणारा आठवींतला मुलगा वाचतो कुठें?

याहून गंभीर गोष्ट गोळ्यांची. लातूर, नांदेड, आणि दूर राजस्थानांतील कोटा, येथें शिकवणीसाठीं आपल्या जिल्ह्यांतून मुलेंमुली जातात. तेथें एका खोलींत चारचौघें राहतात, आणि "ही घे, झोंप येत नाहीं" असें म्हणून मोबाईलवर वाचलेल्या गोळीचें नांव एकजण दुसऱ्यास सांगतो. ह्या गोळ्यांचा इतिहास जुना आहे. अँफेटामीन हें द्रव्य १८८७ सालीं बर्लिन येथें प्रथम तयार झालें. १९३० नंतरच्या दशकांत तें औषध म्हणून बाजारांत आलें, आणि अमेरिकेंतील विद्यार्थ्यांना त्यानें रात्र जागतां येते असा शोध लागण्यास फार दिवस लागले नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांना तें व त्याचीच भावंडें वांटण्यांत आलीं. पुढें व्यसनाचे भयंकर परिणाम दिसून आल्यावर सरकारांनीं तीं बांधून टाकलीं. मेथिलफेनिडेट हें दुसरें औषध १९४४ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें पानिझोन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें बनविलें. आपल्या रीटा नांवाच्या पत्नीवरून त्यानें त्याला रिटालिन हें नांव दिलें. तिसरें मोडाफिनिल, तें फ्रान्सांत निघालें व दिवसां अनावर झोंप येण्याच्या एका रोगासाठीं १९९८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें.

येथें एक गोष्ट निक्षून सांगतों. कांहीं मुलांचें चित्त जन्मतःच कोठें स्थिर राहूं शकत नाहीं, तो एक विकार आहे, आणि तज्ज्ञ डॉक्टर अशा मुलांना मेथिलफेनिडेट देतात, तें योग्यच असतें. अशा मुलाची वर्गांत कोणी थट्टा केल्याचें माझ्या कानीं आल्यास मी ती सहन करणार नाहीं. प्रश्न आहे तो धडधाकट मुलाचा.

धडधाकट माणसांवर काय परिणाम होतो, ह्याचे दोन प्रयोग मला फार उद्बोधक वाटले. जर्मनींतील संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत बुद्धिबळाच्या ३९ पुरुष खेळाडूंना मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट, कॅफीन किंवा लटकी गोळी देऊन वेळ लावून डाव खेळविले. औषध घेतलेले खेळाडू प्रत्येक चालीवर अधिक विचार करूं लागले. इतका कीं घड्याळ संपून ते अधिक डाव हरले! ते डाव वगळून हिशेब केला तेव्हां खेळांत कांहीं सुधारणा दिसली. पण तीन तासांच्या पेपरांत वेळ वगळून हिशेब कोण करतो? दुसरा प्रयोग मेलबर्न येथील संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केला. चाळीस निरोगी तरुणांना एक कोडें घातलें: निरनिराळ्या वजनाच्या व किंमतीच्या वस्तूंपैकीं कोणत्या पोत्यांत भरल्या असतां वजनाची मर्यादा न ओलांडतां सर्वांत अधिक मोल भरेल? औषधाच्या अंमलाखालीं त्यांनीं अधिक वेळ घेतला, अधिक खटपट केली, वस्तु आंत-बाहेर पुष्कळ वेळां केल्या. पण उत्तराचा दर्जा घसरला. जे औषधाशिवाय सरस होते, ते औषध घेतल्यावर बहुधा मागें पडले. थोडक्यांत, गोळीनें उत्साह वाढला, शहाणपण वाढलें नाहीं. आणि वाईट हें कीं ज्याला उत्साह वाटतो त्याला आपण शहाणे झालों असेंच वाटतें.

वर झोंप उडणें, भूक मरणें, छातींत धडधडणें, चिडखोरपणा, आणि कांहीं औषधांची जडणारी संवय. मोडाफिनिलनें क्वचित् अंगावर प्राणघातक पुरळ उठल्याचीं उदाहरणें नोंदलेलीं आहेत. अँफेटामीन व मेथिलफेनिडेट हीं १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आहेत. चिठ्ठीवांचून तीं जवळ बाळगणें हा गुन्हा होतो. जाहिरातींविषयीं म्हणाल तर, देशांतील औषधांच्या १९४५ च्या नियमांना जोडून एक यादी आहे. तींतील गोष्टी आपल्या औषधानें साधतात असा दावा कोणत्याहि औषधानें करूं नये, असा दंडक आहे. आणि मेंदूची शक्ति वाढविणें व स्मरणशक्ति सुधारणें हीं दोन्ही त्या यादींत आहेत. असें असूनहि भिंती व मोबाईल ह्या दाव्यांनीं रंगलेले आहेत, ह्याचा विचार पालकांनीं करावा.

मग बुद्धीला उपयोगी पडणारें असें कोणतेंच औषध नाहीं काय? आहे. खेदाची गोष्ट ही कीं तें फुकट मिळतें, आणि आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे सांपडतें.

सरकारनें २०१३ च्या सुमारास शाळांतून आठवड्यास एक लोह व फॉलिक ॲसिडची निळी गोळी देण्यास प्रारंभ केला. आमच्या शाळेंत ती सोमवारीं देतात, आणि त्या नोंदवहीवर कित्येक महिने माझी सही होती. गोळी हातांत दिली कीं मी खूण करीत असें. ती गिळली कीं नाहीं, हें पाहण्याचें मला सुचलें नाहीं. मागील पावसाळ्यांत गवत काढतांना मैदानाकडील भिंतीच्या पायथ्याशीं भिजून फुगलेल्या निळ्या गोळ्यांचा सडा आमच्या शिपायानें मला दाखविला. त्याच आठवड्यांत प्रार्थनेच्या वेळीं आठवींतील एक मुलगी भोंवळ येऊन पडली. ती त्या बाटलीवाल्या बाईंची धाकटी. ग्रामीण रुग्णालयांत रक्त तपासलें, तेव्हां हिमोग्लोबिन ८.४ निघालें, बारा वर्षांवरील मुलीचें तें निदान १२ असावें. भावाला रात्रीं चहा करून देण्यासाठीं हीच मुलगी जागत असे. तिच्यासाठीं बाटली आणण्याचें कोणास सुचलें नव्हतें; मलाहि ती वर्गांत मंद वाटे, आणि मीं तसें तिच्या प्रगतिपुस्तकांत लिहिलें होतें.

हें एकट्या तिचेंच नाहीं. २०१९ ते २१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शंभरांत ५९ मुलींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. लोहाचा संबंध केवळ रक्ताशीं नाहीं. मेंदूंतील निरोप एका पेशीकडून दुसरीकडे नेणारीं द्रव्यें तयार होण्यासहि लोह लागतें. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्यांचें रक्त अजून कमी झालेलें नव्हतें पण लोहाचा सांठा आटला होता अशा ७३ शाळकरी मुलींची तपासणी झाली. आठ आठवडे लोह घेतलेल्या मुलींना शब्द शिकणें व आठविणें लटक्या गोळीवाल्या मुलींपेक्षां चांगलें जमूं लागलें.

बाल्टिमोर दूर राहिलें. आपल्या महाराष्ट्रांतीलच गोष्ट सांगतों. लोह अधिक असलेल्या बाजरीचा एक वाण येथें २०१२ सालीं प्रसृत झाला. पुढें त्याला धनशक्ति हें नांव मिळालें. त्या बाजरीची भाकरी व शेव १२ ते १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांना सहा महिने रोज दिली, व दुसऱ्या गटाला साध्या बाजरीची दिली. कोणत्या ताटांत कोणती भाकरी, हें मुलांना ठाऊक नव्हतें. सहा महिन्यांनीं धनशक्ति खाणाऱ्या मुलांचें अवधान व स्मरण ह्यांच्या परीक्षांत अधिक सुधारलेलें आढळलें. २०१८ सालीं हें प्रसिद्ध झालें. भाकरीनें स्मरणशक्ति वाढते, हें वाक्य जाहिरातींत कोणी छापणार नाहीं. पण कसोटीवर उतरलें तें हेंच. आणि आपल्या परभणीच्या कृषि विद्यापीठानें २०१८ सालींच ज्वारीचा एक वाण दिला, त्यांत लोह व जस्त नेहमींच्या ज्वारीपेक्षां अधिक आहे. त्याचें नांव परभणी शक्ति! साडेआठशें रुपयांच्या बाटलीशेजारीं हें नांव ठेवून पाहिलें, तेव्हां मला हंसूं आलें आणि थोडी लाजहि वाटली.

ह्यांत जादू नाहीं. पायली रिकामी असेल तर धान्य ओतल्यानें भरते. शीग लागल्यावर ओताल तें खालीं सांडतें. ज्याच्या शरीरांत लोह पुरेसें आहे, त्याला आणखी लोहानें बुद्धि येणार नाहीं, उलट अपायच होईल. म्हणून आठवड्याची एक गोळी सोडून अधिक घेणें तें रक्त तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. आयोडिनाचेंहि तसेंच. त्याच्या अभावीं गर्भांतील बाळाची बुद्धि खुंटते, म्हणून २००६ पासून खाण्याचें मीठ आयोडिनयुक्तच विकावें असा देशभर नियम आहे. मिठाच्या पुडीवरील तेवढा एक शब्द पाहून घेतला कीं काम झालें.

निळी गोळी जेवणानंतर घ्यावी, रिकाम्या पोटीं मळमळतें. शौचास काळें होतें, त्यास भिऊं नये. सोबत लिंबाची फोड असल्यास लोह अंगीं चांगलें लागतें. आणि जेवणाबरोबर किंवा जेवतांच चहा घेऊं नये, कारण चहांतील तुरट द्रव्य अन्नांतील लोहाला धरून ठेवतें व तें रक्तांत जाऊं देत नाहीं. ज्या घरांत रात्रींच्या भाकरीवर चहाचा पेला ओतला जातो, तेथें जागरणासाठीं बुद्धीचेंच धान्य उंदराला घातलें जातें.

झोंपेविषयीं फार लिहीत नाहीं. मुलांना तो उपदेश वाटतो. एवढेंच सांगतों कीं, १९२४ सालीं अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठांत दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरें पाठ करावयास दिलीं. पाठ करून झोंपल्यावर त्यांना जितकीं आठवत, त्यांहून फारच थोडीं तितकेच तास जागे राहिल्यावर आठवत. तेव्हांपासून आजपर्यंतच्या संशोधनानें ह्याला बळकटीच आली आहे.

आतां सोमवारीं मधल्या सुटीनंतर मी स्वतः पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसतों. मुलगी असो कीं मुलगा, गोळी माझ्यासमोर गिळली जाते व मग खूण होते. पहिले दोन आठवडे पुष्कळांनीं तोंडें वेडींवांकडीं केलीं. आतां त्यांतील कांहींजणी घरून लिंबाची फोड आणतात. त्या आठवींतील मुलीचें हिमोग्लोबिन तीन महिन्यांच्या उपचारानंतर ११ च्या वर आलें. तिचे गुण एकदम वाढले, असें नाहीं. गणितांत ती अजून अडखळते. पण चौथ्या तासाला बाकावर डोकें टेकणें थांबलें आहे, आणि "सर, हें पुन्हां सांगा" असें ती आतां विचारते. प्रगतिपुस्तकांतील तो शेरा मीं खोडून त्याखालीं सही केली.

तिची आई जूनमध्यें दाखला नेण्यास आली होती. मुलगा पास झाला होता, साधारण गुणांनीं. बाटलीचें काय झालें, असें मीं विचारलें, तेव्हां त्या पदर तोंडाला लावून हंसल्या. मुलाला चव आवडली नव्हती. चार वर्षांच्या पुतण्याला गोड लागली म्हणून त्यानें ती लपवून एका आठवड्यांत चाटून संपविली होती. रिकामी बाटली त्यांनीं धुवून ठेविली आहे. तींत आतां जवसाचें तेल असतें.